परातीतला माणूस

"पाण्यात बघ, बाळ. नीट बघ. आई दिसते का?"

सभागृहात चारशे माणसं श्वास रोखून बसली होती. पाणी हलू नये म्हणून पंखे बंद, खिडक्यांना जाड पडदे. मधोमध एका उंच स्टुलावर पितळेची मोठी परात, काठोकाठ भरलेली आणि तिच्यावर एकच दिवा. परातीसमोर आठ वर्षांची एक मुलगी, शाळेच्या गणवेशात. तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून पाठीमागे उभा असलेला धिप्पाड, पांढऱ्या कपड्यांतला, गळ्यात जाड माळ घातलेला माणूस म्हणजे परातबाबा.

"बघा, लोकहो!" बाबांचा आवाज घुमला. "पाण्याला जीभ नाही, म्हणून पाणी खोटं बोलत नाही! डोळे तुमचे मळलेत, माझेही मळलेत. पण लेकराचे डोळे कोरे!"

बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पुरुष मोबाइल उंच धरून उभे होते. थोड्या वेळानं मुलगी एक शब्द बोलली, "काका." आणि सभागृह फुटल्यासारखं झालं. कोणी रडलं, कोणी टाळ्या पिटल्या, कोणी बाबांच्या पायांवर लोळण घेतली. मेलेल्या आईनं पाण्यात येऊन आपला खुनी लेकीला दाखवला होता!

मी तिथं नव्हतो. पण ते चित्रीकरण पुढं मी इतक्या वेळा पाहिलं, की त्या सभागृहातली तिसऱ्या रांगेतली मोडकी खुर्चीसुद्धा मला पाठ आहे.

हा प्रकार माझ्यापर्यंत कसा आला, ते सांगतो.

मी निवृत्त वकील. कोर्टाच्या ग्रंथालयात दर शनिवारी दुपारी नव्या वकिलांना एकच विषय शिकवतो. साक्षीदाराला प्रश्न कसे विचारायचे. विषय ऐकायला सोपा वाटतो. ज्याला बोलायला येतं त्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला विचारायलाही येतं. म्हणून पहिल्याच तासाला मी एक खेळ करतो. वर्ग सुरू असताना ग्रंथालयाचा शिपाई येतो, एक खिडकी लावतो, टेबलावरचा पेला उचलतो आणि जातो. दहा मिनिटांनी मी वर्गाला विचारतो, "मघाशी शिपाई आला, त्याच्या कुठल्या हातात किल्ली होती?"

त्या वर्षी वर्गात चौदा जण होते. नऊ जणांनी हात सांगितला. दोघांनी तर जुडग्यात किती किल्ल्या होत्या तेही सांगितलं.

किल्ली नव्हतीच.

"तुम्ही खोटं बोललात का?" मी त्यांना विचारलं. "नाही. मी प्रश्नाच्या पोटात किल्ली घालून दिली आणि तुम्ही ती बिनतक्रार गिळलीत. तुम्ही शिकलेली माणसं, वकिलीची सनद घेतलेली. मग घाबरलेल्या, दमलेल्या, दुःखात बुडालेल्या माणसाचं काय होत असेल?"

हे मी शिकवतो ते फार शहाणा आहे म्हणून नव्हे. चाळीस वर्षं उलटतपासणीत मी असेच प्रश्न टाकून खटले जिंकलो. एका म्हाताऱ्या मास्तरांना मी एकदा असं गुंडाळलं होतं, की शेवटी त्यांनी स्वतःच्या मुलीचं वयसुद्धा चुकीचं सांगितलं आणि साक्षीच्या पिंजऱ्यातच रडायला लागले. ते खरं बोलत होते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. असो.

त्या चौदा जणांत एक मुलगी होती. बेतानं बोलणारी, सगळं पेन्सिलीनं लिहिणारी. बाकीचे तिला पेन्सिलबाई म्हणत. एका शनिवारी वर्ग सुटल्यावर ती एकटीच मागं राहिली.

"सर, मोफत कायदेशीर मदतीतून मला आरोपीच्या बाजूची एक केस मिळालीय. खुनाची."

"मग?"

"साक्षीदार आठ वर्षांची आहे. मरण पावलेल्या बाईची मुलगी. तिला मी काय आणि कसं विचारू, तेच कळत नाही."

तिनं माझ्यापुढे कागद ठेवले. मेलेली बाई शिवणकाम करायची. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून गेलेला. मायलेकी एका खोलीत राहायच्या आणि शेजारच्या खोलीत, बेकरीत काम करणारी बाईची थोरली बहीण, मुलीची मावशी. एका सोमवारी संध्याकाळी कालव्याच्या पायऱ्यांशी शिवणकामवालीचा मृतदेह सापडला. धुवायला नेलेले कपडे तिथंच पडले होते. आधी अपघाताची नोंद झाली. मग बाराव्या दिवशी परातबाबांच्या सभागृहात ती परात भरली गेली.

आरोपी होता गल्लीच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. पन्नाशीचा एकटा माणूस. "काका" म्हणजे तोच. सभागृहातून निघालेला जमाव थेट त्याच्या टपरीवर गेला होता. टपरी उलथली, त्याला रस्त्यावर ओढलं आणि त्याचाच इस्त्रीचा लोखंडी ठोकळा त्याच्या उजव्या मनगटावर घातला. पोलीस आले म्हणून जीव वाचला. पण जमाव चौकीवर गेला आणि मग अटकही इस्त्रीवाल्यालाच झाली.

"पोरीचा जबाब वाच," मी म्हणालो.

पेन्सिलबाईनं वाचला. "'त्या दिवशी काकांनी आईला कालव्यात ढकलताना मी पाहिलं.'"

"कुठं पाहिलं?"

"तेच तर, सर. जबाबात परातीचं नावच नाही. लिहून घेणाऱ्यानं पाणी, परात, बाबा सगळं गाळलं. उरलं फक्त 'मी पाहिलं'."

मी तो कागद हातात घेतला. केवढीशी ओळ! तिच्यावर एक माणूस जन्मभर आत राहणार होता.

"आरोपी काय म्हणतो?"

"तो फार बोलत नाही. त्या संध्याकाळचं विचारलं, की म्हणतो, 'पोरीला त्रास देऊ नका.' मनगट वाकडंच जुळलंय. एवढंच म्हणाला, की बाईला फिट यायच्या. नऊ वर्षं गोळ्या चालू होत्या. परातबाबांनी त्या बंद करायला लावल्या, परातीतलं पाणी प्यायला दिलं. यानं बाईला दोनदा समजावलं, 'ताई, गोळ्या सोडू नका.' आणि अंत्यसंस्काराला सगळ्यांसमोर ओरडला, की या बाबानंच तिला मारलं."

"आणि मग बाराव्या दिवशी परातीत हाच दिसला."

"हो, सर."

मोबाइलवर फिरणारं चित्रीकरण दोन मिनिटांचं होतं. परात, मुलगी, "काका" आणि आरडाओरडा. पेन्सिलबाई ते काढणाऱ्या फोटो स्टुडिओवाल्याकडे गेली. तिनं त्याला फक्त विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय काय काढलंत?" आणि गप्प बसली. स्टुडिओवाला आपण होऊन म्हणाला, "सगळंच काढलं. चौतीस मिनिटं आहे. त्यातला छोटा तुकडा बाबांच्या माणसांनी निवडून घेतला." कोर्टानं समन्स काढून मूळ चित्रीकरण मागवलं.

एका शनिवारी आम्ही ते चौदा जणांसमोर लावलं. मी म्हटलं, "चमत्कार बघू नका. प्रत्येक वाक्य लिहून काढा. आणि प्रत्येक गोष्टीसमोर लिहा, ती आधी कोण बोललं."

पहिली वीस मिनिटं नुसता बाबांचा उपदेश होता. मग मावशी उठली. केस विस्कटलेले, आवाज फाटलेला.

"बाबा, तुम्ही सांगितल्यापासून तिनं एक गोळी घेतली नव्हती हो! तुमचंच पाणी घेत होती. मग तिचा तोल कसा गेला?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर पुसलं गेलं. आणि मग ते गरजले, "तोल गेला नाही! ढकललं तिला! पोरीला आणा पुढं!"

ग्रंथालयात पेन्सिलबाईनं त्या वाक्याखाली रेघ ओढली.

पुढच्या प्रश्नांतले काही मी इथं जसेच्या तसे देतो. ते वाचायला हवेत.

"आई दिसते का?" मुलगी गप्प. "दिसते ना?" मुलगी गप्प. "आईवर प्रेम होतं ना तुझं? मग दिसणारच. दिसते ना?" "...हो." "रडतेय ना ती?" "हो." "तिच्या मागं एक पुरुष उभा आहे ना? नीट बघ हं, काळा काळा, मोठा?" मुलगी परातीवर वाकते. "हो! आहे! माणूस आहे!" "ओळखीचा आहे ना?" मुलगी गप्प. मावशी रडत म्हणते, "बोल गं, तुझ्या आईसाठी बोल." "हो." "घराजवळच असतो ना तो? रोज दिसतो ना?" "हो." "त्याच्या हातात काहीतरी आहे. जड. लोखंडाचं. गरम असतं. आहे ना?" मुलगी वळून मावशीकडे बघते. "आहे ना?" "...इस्त्री?" "मग कोण आहे तो? सांग सगळ्यांना!" "काका."

एकूण एक्केचाळीस प्रश्न. त्यातले सदतीस "ना" वर संपणारे. पेन्सिलबाईनं तक्ता केला होता. रडणारी आई, पुरुष, ओळख, घराजवळ, लोखंड, गरम, सगळं बाबांच्या तोंडून आधी आलेलं.

"पण सर," वर्गातला एक जण म्हणाला, "'माणूस आहे' हे ती एवढ्या खात्रीनं ओरडली. तिला खरंच काहीतरी दिसल्यासारखं वाटतं."

"दिसलंच तिला," पेन्सिलबाई म्हणाली. तिनं चित्र थोडं मागं नेलं आणि थांबवलं. "मुलीकडे बघू नका. बाबांकडे बघा."

'एक पुरुष उभा आहे ना' म्हणताना बाबा मुलीच्या डोक्यावरून पुढं झुकले होते. दिवा वर, पाणी खाली. त्यांच्या डोक्याखांद्यांचं काळं प्रतिबिंब परातीत पडलं होतं. मुलीनं पाहिलेला माणूस ते स्वतःच होते.

कोणीतरी हसलं आणि लगेच ओशाळून गप्प झालं.

मुलीच्या साक्षीच्या आदल्या शनिवारी पेन्सिलबाई माझ्याकडे आली. वीस प्रश्न लिहून आणले होते. एकेक अगदी धारदार. मुलगी तीन मिनिटांत गोंधळली असती.

"सगळे खोडून टाक," मी म्हणालो.

"सर, उलटतपासणी आहे! उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायची मुभा आहे मला."

"मुभा आहे, म्हणून विचारायलाच हवेत असं नाही. बाबांनी तिच्या तोंडात शब्द घातले. आता तू तेच करणार? ती खोटं बोलत नाहीये गं. तिला खरंच वाटतंय, की तिनं पाहिलं. अकरा महिने सगळे तिला तेच विचारतायत, तेच वदवून घेतायत. तिला खोटं पाडलंस, तर केस जिंकशील. पण ती पोर आयुष्यभर मनात कुढत बसेल."

"मग विचारू काय?"

"तिला जे अजून कोणीच विचारलेलं नाही ते. त्या दिवशी काय झालं, एवढंच. आणि मग थांब. ती गप्प राहिली तरी थांब. फार जड जातं ते, पण थांब."

"आणि ती म्हणाली, की काकांनी ढकललं, तर?"

"तर आपण बुडालो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? मी शिष्यांना नेहमी सांगतो, की उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नका. आणि आज मीच तिला तसा प्रश्न विचारायला लावत होतो, एका माणसाचा जन्म पणाला लावून.

लहान मूल म्हणून साक्ष न्यायाधीशबाईंच्या दालनात झाली. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. आत काय झालं ते पेन्सिलबाईनं सांगितलं, आणि नंतर मी साक्षीची नक्कलही वाचली.

सरकारी वकिलांपुढे मुलगी घडाघडा बोलली, पाठ केलेल्या कवितेसारखं. मग पेन्सिलबाईनं खुर्ची तिच्या उंचीला आणली आणि म्हणाली, "मी तिथं नव्हते, त्यामुळे मला काहीच माहीत नाही. त्या सोमवारी शाळा सुटली, तिथपासून मला सगळं सांग. तुला आठवेल तसं."

मुलगी गप्प. न्यायाधीशबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सरकारी वकील खाकरले. पेन्सिलबाई थांबली.

मग मुलगी हळूहळू बोलू लागली. "शाळा सुटली. मी घरी आले. कुलूप होतं. आई कपडे घेऊन कालव्यावर गेली होती. मग मी काकांच्या टपरीवर बसले."

"मग?"

"काका शर्ट करत होते. मी फळकुटावर बसून गृहपाठ केला. माझं खोडरबर हरवलं, तर काकांनी पावाचा तुकडा दिला, त्यानं खोडता येतं म्हणाले. पण वही चिकट झाली. मग काका हसले."

"मग?"

"मग आम्ही आईची वाट बघितली. खूप वेळ. काका म्हणाले, 'अजून कशी आली नाही?' त्यांनी इस्त्री विझवली आणि मला मावशीकडे बेकरीत सोडलं. मग माणसं पळत आली, कालव्यावरून."

न्यायाधीशबाईंनी लिहिणाऱ्या कारकुनाकडे पाहिलं. तो लिहायचा थांबला होता. मुलगीही थांबली होती. तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं पेन्सिलबाईला विचारलं, "मग काका तिकडे आईजवळ कसे होते?"

तिला आजवर हजार वेळा विचारलं गेलं होतं, की परातीत कोण दिसलं. त्या दिवशी काय झालं, हे एकदाही नाही. ज्या माणसाला तिच्या शब्दानं तुरुंगात घातलं, तो निर्दोष असल्याचा पुरावा अकरा महिने त्याच पोरीच्या डोक्यात पडून होता.

पेन्सिलबाई बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. "सर, आपण जिंकलो बहुतेक," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली.

त्यानंतर डॉक्टरांची साक्ष झाली. अंगावर झटापटीची एकही खूण नव्हती. जीभ दातांखाली चावली गेलेली. फिट येताना असं होतं. नियमित गोळ्यांवर शेवटची सहा वर्षं एकही फिट नव्हती. "गोळ्या अचानक बंद केल्या, तर फिट परत येतात, कधी आधीपेक्षा जोरानं," डॉक्टर म्हणाले.

मग परातबाबांची पाळी आली. मुलीनं हकिगत सर्वांत आधी यांना सांगितली, म्हणून सरकार पक्षानंच त्यांना बोलावलं होतं. कोर्ट भक्तांनी भरलं होतं. मावशी पहिल्या बाकावर.

पेन्सिलबाईनं इथं मात्र प्रश्न आखूड ठेवले. एकेक दार शांतपणे लावत गेली.

"मुलीला तुम्ही काहीही सुचवलं नाही?"

"छे, छे! मी कोण सुचवणार? मी नुसता नळ आहे, बाई. पाणी वरून येतं!"

मागून वाहवा उठली.

"तुम्ही फक्त 'काय दिसतं' एवढंच विचारलंत?"

"तेवढंच."

"पुरुष दिसतो, हे मुलीनंच आधी सांगितलं?"

"तिनंच."

"तो घराजवळ असतो, हातात गरम लोखंडी वस्तू आहे, हेही तिनंच?"

"सगळं तिनंच! पाणी बोलतं, लेकरू ऐकतं. आम्ही मधे येतच नाही."

"आणि तुम्ही त्या वेळी जागचे हलला नाहीत?"

"आम्ही समाधीत असतो. हलणार कोण?"

"मूळ चित्रीकरण लावायची परवानगी असावी," पेन्सिलबाई न्यायाधीशबाईंना म्हणाली.

चौतीस मिनिटं कोर्टानं ते पाहिलं. 'दिसते ना', 'आहे ना', 'असतो ना' असा बाबांचाच आवाज भिंतींवर आदळत राहिला. बाबा पुढं झुकले, तिथं पेन्सिलबाईनं चित्र थांबवलं.

"महाराज, परातीत हा काळा माणूस दिसतोय, तो कोण?"

बाबांनी घाम पुसला. "ती... ती दिव्य सावली..."

"दिव्य सावलीच्या गळ्यात तुमच्यासारखीच माळ आहे."

मागच्या बाकांवरून काही माणसं हळूच उठून बाहेर गेली.

"मुलीला पुढं बोलावण्याआधी तिच्या मावशींनी तुम्हाला काय विचारलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं. गोळ्या बंद करायला कोणी सांगितल्या होत्या?"

उत्तर पहिल्या बाकावरून आलं.

"यांनीच!" मावशी उभी राहिली होती. "यांनी सांगितल्या आणि मी फेकल्या. मी, माझ्या हातानं! ती नको म्हणत होती..."

न्यायाधीशबाईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही, जागच्या जागी खाली कोसळली. दोन बायकांनी तिला उचलून बाहेर नेलं. मी चाळीस वर्षांत कोर्टात बरीच रडणारी माणसं पाहिली आहेत. तसं रडणं पाहिलं नाही.

मला तेव्हा कळलं, की मावशीला खुनी का हवा होता. खुनी नसता, तर त्या रिकाम्या जागी तिला स्वतःलाच उभं राहावं लागलं असतं. बाबांनी तिला ती जागा भरायला एक माणूस दिला, आणि त्या संध्याकाळी पोरीला बेकरीत कोणी सोडलं, हे तिनं मनाआड केलं. दुःखात असलेल्या माणसाला काय हवं असतं, हे ओळखणं हाच त्यांचा खरा धंदा. बाकी परातीतलं पाणी नळाचंच.

इस्त्रीवाला निर्दोष सुटला. तुरुंगाच्या फाटकाशी मी आणि पेन्सिलबाई उभे होतो. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती, डाव्या हातात. उजवा मुडपलेला. पेन्सिलबाईनं त्याला निकाल समजावून सांगितला, पोरीनं काय सांगितलं तेही सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.

"पोरीला कोणी रागावलं तर नाही ना?" त्यानं विचारलं.

दुसरं काही विचारलं नाही. टपरी कुठं गेली, कोणी मोडली, मनगटाचं काय, काही नाही. तो गल्लीत परत गेलाच नाही. भावाकडे, दुसऱ्या गावी गेला. मुलगी त्याला भेटायचं म्हणत होती. मावशीची छाती झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या भावाचं पत्र आलं, तो न्युमोनियानं गेला. तुरुंगातच छाती भरली होती म्हणे. मुलीला हे सांगायचं काम पेन्सिलबाईनं केलं. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आणि परातबाबा? त्यांच्यावर खोटी साक्ष आणि फसवणुकीचा खटला सुरू आहे. जामिनावर सुटून ते चाळीस मैलांवरच्या एका मोठ्या गावात बसतात. तिथंही पंखे बंद असतात, दिवा वर असतो, माणसं श्वास रोखतात. इथल्या भक्तांपैकी निम्मे आजही म्हणतात, कोर्टाला पाण्याची भाषा काय कळणार!

गेल्या महिन्यात मावशी माझ्या वर्गाच्या दाराशी आली. वर्ग संपेपर्यंत उभी राहिली. अंगानं अर्धी झाली होती.

"वकीलसाहेब, ते प्रश्न मला लिहून द्या."

"कुठले प्रश्न?"

"बाबांनी पोरीला विचारलेले. सगळे. मोठ्या अक्षरांत. मी तिकडे जाणार आहे, त्यांच्या सभागृहाच्या दारात. आत जाणाऱ्या बायकांना वाचून दाखवणार."

"तुम्हाला हाकलतील. मारतीलही."

"मारू देत." तिनं पदर खोचला. "साहेब, मला एक सांगा. गोळ्या फेकल्या त्या दिवशी मला कोणी अडवलं असतं, तर मी ऐकलं असतं का?"

चाळीस वर्षं मी प्रश्नांवर जगलो. तिला धीर देणारं एक गोड खोटं जिभेवर आलं होतं, ते गिळलं आणि एवढंच म्हणालो, "माहीत नाही, बाई. पण अडवायला माणूस हवा होता. एकच होता, आणि त्याचं आपण काय केलं ते तुम्ही जाणता."

ती हुंदका न देता रडली. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एक्केचाळीस प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिले. ते कागद छातीशी धरून ती गेली. आता दर रविवारी सकाळी ती तिथं उभी असते. कोणी थांबतं, पुष्कळ जण ढकलून आत जातात. परवा पहिल्यांदा एक बाई हातातली गोळ्यांची पिशवी घेऊन दारातून मागं फिरली, असं तिनं कळवलं. एकच बाई.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच. दुःखात असाल तेव्हा रडा, माणसांना जवळ करा, डॉक्टरांचं ऐका. पण कोणी तुमच्या मनातलं ओळखलं म्हणून हरखून जाऊ नका. घरी येऊन शांतपणे आठवा, ते आधी तुम्ही बोललात की त्यानं. कोणी बोट दाखवून एखाद्याला गुन्हेगार ठरवलं, तर दगड उचलण्याआधी त्या माणसाला विचारा, "त्या दिवशी तू कुठं होतास?" आणि तो बोलेपर्यंत थांबा. लहान मुलांना तर विशेष जपून विचारा. ती आपल्या प्रेमापोटी आपल्याला हवं तेच उत्तर देतात, आणि मग ते ओझं जन्मभर वाहतात.

ती मुलगी आता दहा वर्षांची आहे. अभ्यासात बरी आहे. पण शाळेत बाईंनी काहीही विचारलं, साधं आज वार कोणता, तरी आधी बराच वेळ गप्प बसते. आणि मग म्हणते, "मला नक्की माहीत नाही."